९ पैकी ८

माझ्या मोठ्या आतड्याला ९ पैकी ८ मार्क पडले. चेष्टा नाही, रिपोर्टवर तसं छापलेलं आहे. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे पेपर तपासले, पण स्वतःच्या आतड्याचा पेपर तपासून मिळेल असं कधी वाटलं नव्हतं, आणि त्यातही गंमत म्हणजे गेले तीन महिने माझं सगळं डोकं त्या कापलेल्या एका मार्कावरच अडकून बसलंय.

सुरुवातीपासून सांगते. सहा-सात वर्षं झाली माझं पोट असं आहे की फोंडा ते पणजी कदंबच्या बसमधून जायचं म्हटलं तरी आदल्या रात्रीपासून जेवण मोजून. कुठल्या पेट्रोल पंपावर बाथरूम उघडं असतं, कुठल्या हॉटेलात गल्ल्यावरचा माणूस कपाळाला आठ्या न घालता जाऊ देतो, हा सगळा नकाशा डोक्यात. जत्रेला गेले तर आधी देवाचं नाही, नळाच्या कोपऱ्याचं दर्शन. आयबीएस म्हणाले, म्हणजे तपासणीत काही दिसत नाही तरी पोट सतत बिघडतं तो आजार, टेन्शन कमी करा म्हणाले, कोणी म्हणालं मॅडम तुम्ही फार विचार करता. आता पोट असं वागायला लागलं तर माणूस विचार करणार नाही तर काय करणार. शेवटी मे महिन्याच्या सुट्टीत एका डॉक्टरने सांगितलं की वय पन्नासच्या जवळ आलंय, इतकी वर्षं जुलाब आहेत, एकदा दुर्बीण घालून बघूया.

दुर्बिणीपेक्षा आदल्या दिवसाचं प्रकरण मोठं असतं हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत असेलच. दोन दिवस आधीपासून भाजी बंद, फळं बंद, कुळीथ बंद, पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सकाळी भोंगा वाजवत आला तरी कोंड्याची पोळी बंद, नुसता सफेद भात आणि ताक. आणि मग ती पावडर, लिटरभर पाण्यात घोळलेली, चवीला म्हणजे कसं सांगू, समुद्राच्या पाण्यात कोणीतरी लिंबाचं सरबत सांडलंय अशी. अर्धी रात्री, अर्धी पहाटे चार वाजता. मध्ये मध्ये शहाळ्याचं पाणी चालतं म्हणून नवऱ्याने चार आडसरं आणून ठेवली होती, तेवढाच आधार. रात्री अकरा वाजेपर्यंत बाथरूम हीच माझी खोली झाली होती आणि पहाटे जे बाहेर पडत होतं ते शब्दशः पिवळं पाणी, आतलं सगळं धुऊन निघालेलं.

तपासणीच्या वेळी हलकंच औषध दिलं होतं, पूर्ण झोप नाही, आणि स्क्रीन नेमका माझ्या डोळ्यांसमोर. डाव्या कुशीवर पडल्या पडल्या मी स्वतःचं आतडं बघत होते. इतकं सुंदर असतं ते! ओलं, गुलाबी, चकचकीत, आणि खाली बारीक बारीक रक्तवाहिन्यांची जाळी, पिंपळाचं पान सडवून त्याची जाळी करायचो ना आम्ही लहानपणी, तशी. कॅमेरा पुढे पुढे जात होता आणि सगळीकडे तीच गुलाबी भिंत. मग अगदी शेवटी, उजव्या बाजूला, जिथे लहान आतडं मोठ्याला येऊन मिळतं तिथे भिंतीवर एक पिवळट हिरवा थर. मला वाटलं मळ राहिला. डॉक्टरलाही तेच वाटलं असणार कारण तो म्हणाला, पाणी मार. टेक्निशियनने फवारा मारला, हलला नाही. परत मारला, तेव्हा एका कडेने उचलला गेला, तापलेल्या दुधावरची साय बोटाने उचलतो ना अगदी तसा, आणि खालची गुलाबी भिंत दिसली. बाकीचा तिथेच. डॉक्टर म्हणाला, चालेल, प्रेप, म्हणजे आदल्या दिवसाची धुलाई, इथे थोडी कमी पडली. आणि पुढे गेला, म्हणजे मागे फिरला.

तर हे मार्क. बोस्टन स्केल म्हणतात, आतडं किती स्वच्छ धुतलं गेलं ते मोजायला. उजवा भाग, मधला भाग, डावा भाग, प्रत्येकाला ० ते ३. सगळं लख्ख दिसलं तर ३, थोडा डाग किंवा बारीकसारीक काही राहिलं पण भिंत नीट दिसते तर २. मला ३, ३ आणि उजवीकडे २. खाली शेरा, मोठं आतडं नॉर्मल, लहान आतड्याचं शेवटचं टोक नॉर्मल. घरी आले तर सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे मांय म्हणतो, व्हरांड्यात बसलेल्या.

"कितें मेळ्ळें गो?"

"कांयच ना, मांय."

"मागीर इतले पयशे कित्याक घेतले?"

यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं.

नॉर्मल आलं म्हणजे आनंद व्हायला पाहिजे आणि झालाही, कॅन्सर नाही, अल्सर नाही, पॉलिप म्हणजे भिंतीवरचा मांसाचा कोंब नाही, सूज नाही, ही काही लहान गोष्ट नाही. भिंत डोळ्यांना चांगली दिसली तरी सूक्ष्मदर्शकाखाली सूज सापडते अशीही एक जात असते, मायक्रोस्कोपिक कोलायटिस, तिच्यासाठी घेतलेले तुकडेसुद्धा पुढच्या आठवड्यात नॉर्मल आले. पण जून उजाडला, शाळा सुरू झाली आणि माझं पोट पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या तासाला परत होतं तिथे. म्हणून मग सुरू झालं माझं वाचन. रात्री मोबाईल घेऊन, नवरा घोरतोय आणि मी आतड्याची चित्रं बघतेय, असं.

आणि वाचता वाचता व्हिएन्नातल्या लोकांचं काम सापडलं, २०२१ साली गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी नावाच्या मोठ्या जर्नलमध्ये आलेलं. त्यांनी चौदाशेहून जास्त लोकांच्या कोलोनोस्कोपी, म्हणजे हीच दुर्बिणीची तपासणी, बघितल्या आणि नेमकं तेच शोधलं जे बाकीचे फवारा मारून विसरून जातात, आतड्याच्या भिंतीला चिकटलेला पिवळट हिरवा थर. मी उठून बसले पलंगावर. त्यांना दिसलेला तो थर म्हणजे मळ नव्हता, बॅक्टेरियांनी स्वतःभोवती चिकट पदार्थाची गोधडी विणून केलेली वस्ती होती, बायोफिल्म. आयबीएसच्या पेशंटांपैकी ५७ टक्क्यांमध्ये दिसला, अल्सरेटिव्ह कोलायटिसवाल्यांत, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होतात त्यांच्यात, ३४ टक्क्यांमध्ये आणि ज्यांना यातलं काही नाही अशा लोकांत फक्त ६ टक्क्यांमध्ये. आणि दिसतो कुठे जास्त, तर लहान आतड्याच्या टोकाला आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला. माझा कापलेला मार्क जिथला, तिथेच.

बायोफिल्म म्हणजे काय हे कळायला मला पुस्तक लागलं नाही. आमच्या माहेरी डिचोलीला विहिरीच्या पायऱ्या होत्या, चिऱ्याच्या. पावसात त्यांच्यावर बुळबुळीत थर यायचा आणि आई सांगायची नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, नारळाच्या काथ्याने घासा. शंभर कळश्या ओता, वरची माती जाईल, बुळबुळ जाणार नाही. सकाळी दातांवर जीभ फिरवली की जे लागतं तेही तेच. मोकळे फिरणारे बॅक्टेरिया वेगळे आणि असे जागा धरून, एकमेकांना धरून बसलेले वेगळे, त्यांना पाणी लागत नाही आणि कित्येकदा औषधही नीट पोचत नाही. व्हिएन्नावाल्यांनी त्या थराचे तुकडे तपासले तर बॅक्टेरियांची विविधता कमी झालेली आणि दोन नावं वाढलेली, एक ई. कोलाय, जो सगळ्यांना माहीत आहे, आणि दुसरा रुमिनोकॉकस नेव्हस, जो मला आजवर माहीत नव्हता आणि आता घरच्यासारखा झालाय. शिवाय अशा लोकांच्या शौचात पित्ताची आम्लं जास्त सापडली. पित्त लिव्हर सोडतं, चरबी पचवायला, काम झालं की त्यातलं साधारण ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला परत शोषलं जातं. जे खाली निसटतं त्याचं बॅक्टेरिया रूपांतर करतात. जास्त निसटलं तर मोठं आतडं पाणी सोडायला लागतं, आणि मग पेट्रोल पंप.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते नाहीतर उद्या कोणीतरी हा लेख घेऊन डॉक्टरच्या टेबलावर आपटेल. माझ्या आतड्यात दिसलं ते बायोफिल्मच होतं असं मी म्हणत नाही. पावडरीचा एखादा ग्लास कमी गेला असेल, पहाटेचा शेवटचा पेला मी अर्धा बेसिनमध्ये ओतला होता, नवऱ्याला आजपर्यंत सांगितलेलं नाही. आणि थर आधी की आजार आधी, की दोन्ही तिसऱ्याच कशामुळे, हे ५७ टक्क्यांच्या आकड्यावरून ठरत नाही, सोबत दिसणं आणि कारण असणं यात फरक आहे, हे आठवीतल्या पोरांना मी दर वर्षी सांगते.

पण मला खटकलं ते दुसरंच. आपण आतडं बघायला जातो आणि बघायच्या आधी ते धुतो. धुतल्याशिवाय कॅमेऱ्याला काही दिसणार नाही हे खरंच आहे, पॉलिप शोधायचा तर भिंत लख्ख हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग जो फोटो मिळतो तो घराचा नसून पाहुणे, भांडीकुंडी, चूल सगळं बाहेर काढून चुना मारलेल्या घराचा असतो, आणि त्यावर लिहायचं, या घरात भांडण नाही. अहो, माणसंच बाहेर काढलीत!

आणि माणसं किती, तर पोटात मिळून साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया. व्हॉट्सॲपवर फिरतं ना, की शरीरातल्या पेशींपेक्षा दहापट बॅक्टेरिया असतात आणि त्यांचं वजन दोन किलो, ते विसरा. २०१६ साली इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी नीट हिशेब मांडला तर साधारण एकास एक निघालं, वजन जेमतेम २०० ग्रॅम. एक मध्यम बांगडा. जुलाबाच्या पावडरीने त्यातले ढिगाने वाहून जातात, बहुतेकांच्या पोटात पंधरा दिवस ते महिन्याभरात घडी परत बसते, आणि डोस एकदम घेण्यापेक्षा दोन भागांत घेतला तर धक्का कमी बसतो असंही दिसलंय. म्हणजे पहाटे चारला उठवलं त्याला काही अर्थ होता.

हे धुण्याचं प्रकरण कॅमेऱ्यापुरतं नाही. आतड्याची भिंत आणि बॅक्टेरिया यांच्यामध्ये एक चिकट थर असतो, म्यूकस, आपण सरळ शेंबूड म्हणूया. मोठ्या आतड्यात त्याचे दोन पदर, बाहेरचा सैल, त्यात बॅक्टेरिया मजेत राहतात, आणि आतला घट्ट, भिंतीला लागून, त्यात जवळजवळ कोणी नाही. हा आतला रिकामा पदर स्वच्छपणे दाखवला स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या शास्त्रज्ञांनी, उंदरांमध्ये, तोही २००८ मध्ये, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी! एवढा उशीर का, तर आतड्याचा तुकडा काढला की तो टाकायचा फॉर्मलिनमध्ये, फॉर्मलिनमध्ये पाणी, आणि पाण्यात हा थर आक्रसून नाहीतर निघून जातो. सूक्ष्मदर्शकाखाली मग भिंत दिसते, वरचा पदर नाही, आणि लोकांना वाटत राहिलं की बॅक्टेरिया भिंतीला खेटूनच बसतात. गोथेनबर्गवाल्यांनी पाणी नसलेलं कार्नॉय नावाचं जुनं द्रावण वापरलं, त्यात अल्कोहोल, क्लोरोफॉर्म आणि ॲसेटिक आम्ल, आणि बॅक्टेरियांना चमकणारे रंग लावले, तेव्हा चित्र उमटलं. भिंत, मग काळी मोकळी पट्टी, मग पलीकडे चमकणारी गर्दी.

हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात मुड्डुशी धुवत होते. ज्यांनी हातात घेतलीय त्यांना माहीत आहे, ताजी मुड्डुशी हातात टिकत नाही इतकी बुळबुळीत, मीठ लावून चोळून दोन पाणी काढलं की मग कुठे पकडीत येते. आता धुतलेली मुड्डुशी ताटात ठेवून कोणाला विचारलं की हा मासा समुद्रात कसा असतो तर तो म्हणेल, चांगला कोरडा, खरखरीत. बिचाऱ्याची चूक नाही, त्याने मासा पाहिला तो मीठ चोळल्यानंतर.

दिसतं पण मोजलं जात नाही याचं जुनं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहेच, ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन यांना १९७९ पासून जठराच्या तुकड्यांवर वाकडे बॅक्टेरिया दिसत होते, आणि सगळे म्हणत होते जठरातल्या आम्लात कोण जगणार. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये ते बॅक्टेरिया, आजचं त्यांचं नाव हेलिकोबॅक्टर, चक्क पिऊन स्वतःला जठराची सूज आणून दाखवली, नोबेल मिळालं २००५ ला. पण प्रत्येक डाग हेलिकोबॅक्टर नसतो हेही तितकंच खरं, नाहीतर आपण सगळेच स्वतःला वॉरन समजायला लागू.

माझी एक मडगावची मैत्रीण म्हणाली, तू एवढं वाचत बसतेस त्यापेक्षा शौचाची टेस्ट कर, ऑनलाईन किट मिळतं, सगळ्या बॅक्टेरियांची यादी येते. तिने केली होती. रंगीत चाळीस पानांचा रिपोर्ट, प्रत्येक बॅक्टेरियासमोर हिरवा-लाल दिवा, शेवटी त्यांच्याच कंपनीची प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या बॅक्टेरियांची, पुडी. मला पटत नाही. २०१८ मध्ये त्याच वाइझमन इन्स्टिट्यूटने लोकांना प्रोबायोटिक द्यायच्या आधी आणि दिल्यावर दुर्बीण घालून थेट भिंतीवरचे नमुने घेतले, आणि दिसलं असं की शौचात जे सापडतं आणि भिंतीवर जे बसलेलं असतं ते पुरतं जुळत नाही. काहींच्या भिंतीवर ते प्रोबायोटिक बॅक्टेरिया टिकले, काहींच्यात आत जाऊन तसेच बाहेर, बसमधून खिडकीबाहेर बघत जाणाऱ्या माणसासारखे. शौचात मात्र दोघांच्याही सापडले. म्हणजे नदीच्या मुखाशी उभं राहून काय वाहून आलं ते बघून वर काठावर कोणाची घरं आहेत हे सांगण्यातला प्रकार. थोडंफार सांगता येतं. चाळीस पानं नाही.

जेवणाबद्दल मांयला मी एक गोष्ट मुद्दाम वाचून दाखवली. अमेरिकेत मिशिगनला उंदरांवर केलेलं काम, २०१६ चं, उंदरांच्या पोटात माणसाचे बॅक्टेरिया सोडले आणि त्यांच्या खाण्यातला चोथा काढून टाकला. बॅक्टेरियांना खायला काही मिळेना तेव्हा ते तोच शेंबडाचा पदर खायला लागले, पदर पातळ झाला आणि बाहेरून सोडलेल्या जंतूने भिंत गाठली. मांय म्हणाल्या, आम्ही उकड्याची पेज आणि तोंडाक कुळीथ खायचो तेव्हा कोणाला पोट आहे हे ठाऊक नव्हतं. हे अर्धंच खरं आहे, त्यांच्या सख्ख्या भावाला आयुष्यभर पोटाचा त्रास होता आणि तो पेजच खायचा, पण मांयसमोर हा मुद्दा काढायची माझी हिंमत नाही.

पुढच्या भेटीला मी डॉक्टरकडे गेले तेव्हा धीर करून विचारलं, तो उजव्या बाजूचा थर होता ना, त्याचा फोटो मिळेल का. मला वाटलं चिडेल. चिडला नाही, कॉम्प्युटरवर शोधला, झूम केला, आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, मॅडम, मी आत जातो तेव्हा माझं डोकं कॅन्सर, पॉलिप, अल्सर, सूज यांच्यामागे असतं, त्यातलं काही नाही म्हटल्यावर हे मी प्रेपच्या खात्यात टाकतो, आम्हाला तसंच शिकवलंय. व्हिएन्नाचं काम त्याला माहीत होतं. पण म्हणाला, समजा हे तेच आहे, तरी त्यावर आज माझ्याकडे खात्रीचं औषध नाही, थर काढला तर त्रास जाईल हे अजून कोणी दाखवलेलं नाही, अँटिबायोटिक उगाच मारायचं नाही. हे त्याने सांगितलं म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास बसला. त्याऐवजी पित्त बांधून ठेवणारी पावडर महिनाभर घेऊन बघूया म्हणाला, कोलेस्टायरामिन. परत पावडर! पण ही बरी आहे, संत्र्यासारखी लागते, जेवणाआधी पाण्यात घोळून, बाकीच्या गोळ्यांपासून अंतर ठेवून.

सात आठवडे झाले. फरक आहे, बराच आहे, मागच्या शनिवारी पणजीला जाऊन आले आणि पंपावर उतरावं लागलं नाही, पण दोनदा मध्येच बिघडलंही, चतुर्थीत नेवऱ्या जास्त झाल्या असतील. थर गेला की आहे हे कळायला परत दुर्बीण घालावी लागेल, आणि त्यासाठी परत सगळं धुवावं लागेल, म्हणजे तेही कळणार नाहीच नीट.

तो फोटो आता माझ्या मोबाईलमध्ये आहे, शिगम्याच्या रोमटाच्या फोटोंच्या मध्ये कुठेतरी. शाळेत एक बाई फोटो बघता बघता तिथे थांबली आणि म्हणाली, अय्या, हे कसलं गं, फणसाचा गरा का? मी हो म्हटलं. आणि फाईल कपाटात टाकताना उजव्या बाजूच्या त्या २ च्या समोर पेन्सिलीने लिहून ठेवलंय, फेरतपासणी.